‘करमलं नाही तर लगेच न्यायला येते’ असं सांगू का?

प्रिय काळजीतली आई,

तुमचा मुलगा नऊ वर्षांचा. पुढच्या महिन्यात दहा दिवसांच्या निवासी शिबिराला जायचंय, आणि नाव त्यानेच हट्टाने घालायला लावलं. आता मात्र रोज झोपताना विचारतो, ‘तिथे करमलं नाही तर?’ तुम्ही सांगता, ‘फोन कर, लगेच न्यायला येते.’ त्याचे बाबा म्हणतात, असं कबूल करू नकोस. शिवाय तो अजून अधूनमधून अंथरूण ओलं करतो, ते शिबिरात सांगावं का, हेही विचारलंत.

पहिल्या बाबतीत मी बाबांच्या बाजूने. (‘शिबिराने पोरगा कणखर होईल’ हे त्यांचं म्हणणं मात्र मला पटलेलं नाही. नऊ वर्षांच्या पोराने मजा केली तरी पुष्कळ झालं.) तुम्ही धीर द्यायला बोलता, पण त्याला ऐकू येतं ते असं, की आईलाच वाटतंय, मला हे जमणार नाही. मग पहिल्या रात्री रडू आलं की दुसरं काही सुचतच नाही, फक्त फोन. आणि शिबिरात फोनला बंदी असली तर तुमचा शब्दही खोटा पडतो. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २००७ मध्ये घरच्या आठवणीने होणाऱ्या त्रासावर लिहिताना आईवडिलांना हेच बजावलं होतं: न्यायला येण्याचा वायदा करू नका.

दिलेला शब्द सरळ मागे घ्या. ‘मी म्हणाले होते, पण तसं नको करायला. आठवण येणारच, जवळजवळ सगळ्यांना येते. आली की काय करायचं ते आपण आत्ताच ठरवू.’ आणि खरंच ठरवा. त्यासाठी त्याला आधी दोन रात्री मावशीकडे किंवा मित्राकडे पाठवा, मध्ये फोन नाही. परत आला की ‘मजा आली ना?’ एवढ्यावर सोडू नका. आठवण नेमकी कधी आली, आणि काय केल्यावर बरं वाटलं, ते विचारा. बहुधा उत्तर येईल, झोपताना किंवा रिकामं बसल्यावर. कोणी पुस्तक वाचतं, कोणी शेजारच्याशी गप्पा मारतं, कोणी घरी पत्र लिहितं. त्याला जे उपयोगी पडलं तेच शिबिरात करायचं. पत्ता घातलेली पाकिटं बॅगेत टाका. तुम्हीही लिहा, पण ‘तुझ्यावाचून घर खायला उठतं’ असलं काही नको. बिचाऱ्याला तिथे बसून तुमचीच काळजी लागेल.

बॅग त्याला भरू द्या, नाहीतर स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत.

आता अंथरुणाचं. सांगाच. या वयाची अशी मुलं शिबिरवाल्यांना नवीन नसतात. पंचाईत होते ती कोणाला माहीत नसलं तर. पण आधी मुलाशी बोला, कोणाला सांगायचं ते त्यालाही विचारा. तुम्ही परस्पर सांगितलंत हे त्याला तिथे कळायला नको. डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा. अशा मुक्कामांसाठी ते कधीकधी डेस्मोप्रेसिन नावाचं औषध देतात. ते आधी घरी देऊन पाहावं लागतं, आणि घेतल्यावर रात्री पाणी फार कमी प्यायचं असतं. म्हणून गोळी देणाऱ्या माणसाला हा नियम लेखी द्या. गडद रंगाची स्लीपिंग बॅग, जास्तीचे दोन पायजमे आणि ओले कपडे टाकायला एक पिशवी एवढी सोय पुरते.

तो दिवसचे दिवस जेवलाच नाही, झोपलाच नाही, तर शिबिरातून तुम्हाला फोन येईल, आणि तेव्हा जाऊन आणायचं की कसं ते तुम्ही आणि तिथले मोठे मिळून ठरवाल. ही गोष्ट त्याच्या कानावर आधी घालू नका. उद्या मात्र शिबिराच्या कार्यालयात विचारून घ्या, मुलांची औषधं कोणाकडे असतात आणि रात्री मुलांच्या खोलीजवळ कोण झोपतं.