"हे अजून मंडईतून कसे आले नाहीत?"

कोथरूडचे मुलगा आणि सून. आईंना अल्झायमर, मधला टप्पा. वडिलांना जाऊन दोन महिने झालेले. रोज साडेपाचला आई गॅलरीत बसून विचारतात, "हे अजून मंडईतून कसे आले नाहीत?" मुलगा दरवेळी खरं सांगायचा आणि आई दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडायच्या. एकदा सून म्हणाली, "येतीलच." तर आई जेवायच्या थांबल्या, दोन ताटं घेऊन. मग खरं सांगायचं की खोटं?

पहिल्यांदा सांगायलाच हवं, आणि "वारले" असंच. "गेले" म्हटलं की "कुठे गेले?" हा प्रश्न येणारच. पण रोज नव्याने सांगू नये. अल्झायमरमध्ये नवी माहिती मेंदूत टिकत नाही, दुःख मात्र मागे उरतं. दुःखाचं कारण विसरलेलं, जीव घाबराघुबरा, आणि रात्रभर झोप नाही.

त्या घरात प्रश्नाच्या आधीचा अर्धा तास बदलला. पाचला चहा. अंधारून यायच्या आत दिवे, कारण सावल्यांनी गोंधळ वाढतो. वडिलांची मंडईची कापडी पिशवी आईंच्या पुढ्यात, त्यात सोलायला मटार. तरी विचारलंच तर मुलगा जवळ बसून म्हणतो, "बाबांची आठवण येतेय ना तुला? काय काय आणायचे गं ते?" आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत चाकवताची जुडी, अंजिरं असं सांगत राहतात. कधी रडतातही. ते रडू द्यावं. त्यांनी थेट "वारले का रे?" विचारलं, तर "हो आई" म्हणून हात धरावा, नाकारू नये.

हार घातलेला फोटो बघून आई दचकायच्या, म्हणून तो आतल्या खोलीत नेला. काहींना तोच फोटो आधार देतो, तेव्हा दोन-चार दिवस बघून ठरवा.

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर ते शोकावर ढकलू नका. लघवीचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे खाणं-झोप कमी असेल तर नैराश्य तपासून घ्या.

या घरात खरी काळजी मुलाची वाटली. रोज बापाच्या मृत्यूची बातमी देणारा हा माणूस स्वतः एकदाही रडला नव्हता. आता मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी धाकटी बहीण आईंजवळ थांबते. तेवढ्यात तो वडिलांच्या मित्रांबरोबर तळजाई टेकडीवर फिरून येतो. ते बाबांबद्दल बोलतात, तो ऐकतो.