‘माझ्या हिरड्यांतून थेंबभर रक्त येत नाही’

प्रश्न : गेले काही महिने दात घासताना माझ्या हिरड्यांतून रक्त येतं. उजवीकडे जास्त येतं म्हणून त्या बाजूला मी ब्रश लावणं जवळजवळ बंदच केलंय. क्लीनिंग करून घेणार होते, पण शेजारच्या काकू म्हणाल्या, त्याने दात हलायला लागतात. मिस्टरांना शुगर आहे, शिवाय रोज पाच-सहा सिगारेटी होतात. ते म्हणतात, ‘माझ्या हिरड्यांतून थेंबभर रक्त येत नाही, माझं तोंड तुझ्यापेक्षा ठणठणीत.’ त्यांच्या पुढच्या दातांत मात्र हल्ली फट दिसायला लागलीय. मी काय करावं?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, तुम्ही स्वतःबद्दल विचारलंय, पण पत्र वाचून मला जास्त काळजी वाटली ती तुमच्या मिस्टरांची. दोघांनीही दाखवा. एकच अपॉइंटमेंट मिळत असेल, तर ती त्यांची घ्या.

हिरडीतून रक्त येणं ही तिला सूज आल्याची खूण. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ही खूण दबते. हिरडी वरून फिकट, घट्ट, चांगली दिसते आणि आत दाताभोवतीचं हाड झिजत राहतं. पुण्यात कसब्यातल्या माझ्या दवाखान्यात असे पुरुष नेहमी येतात. रक्त कधी आलेलं नसतं, दुखलेलं नसतं. विचारतात काय, तर ‘डॉक्टर, दात पुढे आलाय, तार लावून मागे जाईल का?’ एक्स-रे काढला की मुळाभोवतीचं निम्मं हाड गेलेलं दिसतं. मोठ्या वयात दातांत नव्याने फट पडली, दात लांब दिसायला लागले, तर पायरिया, म्हणजे हिरडी आणि हाड झिजवणारा हा आजार, बराच पुढे गेला असण्याची शक्यता मोठी असते.

त्यात त्यांना शुगर. ती ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो, आणि हिरड्यांतली सूज शुगर ताब्यात येऊ देत नाही. उलटही खरं आहे: हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी 0.3 ते 0.4 टक्क्यांनी उतरलेलं अभ्यासांत दिसलंय. येताना तो रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी असली तर ती मनाने बंद करू नये. आणि सिगारेट सोडल्यावर काही आठवडे त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागेल. तेव्हा ‘सोडली आणि बिघडलं’ म्हणून पुन्हा ओढू देऊ नका. हिरडी पूर्ववत होत असल्याचं ते लक्षण आहे.

आता तुमचं. रक्त येतं म्हणून ब्रश थांबवणं साहजिक आहे, पण रक्त येतं ते तिथे जंतूंचा मऊ थर साचलाय म्हणून. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे 1965 मध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात सूज उतरली. म्हणून उजवी बाजू आज रात्रीपासूनच घासा. ब्रश मऊ घ्या, केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवा, जोर न लावता छोटे छोटे हेलकावे द्या. दातांमधल्या फटींत इंटरडेंटल ब्रश फिरवा, तिथे साधा ब्रश पोचतच नाही. सुरुवातीला रक्त येईल, येऊ द्या.

हाच थर कडक होऊन दातांवर किटण चढलं असेल तर मात्र ते घरी निघत नाही. मीठ, कोळसा, तुरटी घासून तर अजिबात नाही, त्याने दात आणि हिरड्या खरवडतात. तिथे स्केलिंगच, म्हणजे तुम्ही म्हणता ते क्लीनिंगच लागतं. काकूंना आलेला अनुभव खोटा नाही, त्याचं कारण वेगळं आहे. हाड आधीच गेलेलं होतं, दात किटणाच्या आधाराने उभे होते. किटण निघालं, सूज उतरली, आणि झाकलेली फट आणि हलणारे दात उघडे पडले. स्केलिंगनंतर थोडे दिवस थंड पाणी झोंबतं, ते कमी होतं.

डॉक्टरांकडे एक गोष्ट आवर्जून मागा: हिरडीचं माप. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून हे माप घेतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा जास्त असून रक्तही येत असेल, तर तिथे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीच्या मधे खोल खाच, झालंय आणि वरवरच्या क्लीनिंगने भागणार नाही. मग जागा बधिर करून मुळांवरचं किटण काढतात, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. तरीही 6 मिलिमीटर किंवा जास्त खोल पॉकेट राहिली तर फ्लॅप सर्जरीचा, म्हणजे हिरडी थोडी उघडून आतून साफ करण्याचा, विचार करतात. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, पण झीज थांबवता येते. त्यानंतर मिस्टरांसारख्यांनी दर तीन महिन्यांनी दाखवायला हवं. हा भाग लोक सर्वात आधी सोडतात आणि दात तिथेच गमावतात. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांनी पायरिया जात नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा, त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात.

खर्चाची अडचण असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं आझम कॅम्पस, पिंपरीचं डी. वाय. पाटील, या तिन्ही ठिकाणी डेंटल कॉलेज आहे. कॉलेजच्या ओपीडीत वेळ जास्त लागतो, पण शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली काम होतं.

एक अपवाद: न घासताही रक्त येत राहिलं, अंगावर काळेनिळे डाग दिसले किंवा ताप असला, तर आधी फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासून घ्या.

प्रश्न : आई रोज मिश्री लावते. म्हणते, त्यामुळेच माझे दात टिकलेत. खालच्या हिरड्या मात्र उतरल्यात.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती लावल्यावर बरं वाटतं ते निकोटिनमुळे, आणि तलफ येते म्हणून दिवसातून अनेकदा लावली जाते. जिथे ती रोज चोळली जाते तिथली हिरडी खाली सरकते. पण हिरडीआधी मला दुसरी भीती आहे. उजेडात आईंचे गाल आणि ओठांच्या आतली बाजू बघा. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा; कॅन्सर नाही ना हे बघायला तिथला छोटा तुकडा तपासावा लागू शकतो. मिश्री सोडण्यासाठी 1800-11-2356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. त्यांच्यावर रागावू नका. बहुतेकींना ही सवय लहानपणी घरातल्याच कुणीतरी लावलेली असते. फोन लावून द्या आणि त्या बोलत असताना शेजारी बसा.