व्हॅलेटात जहाज थांबलं की

माल्टाच्या या राजधानीसाठी जहाजावरची महागडी सहल घेऊ नका. हे पायीच बघायचं शहर. धक्क्यावरून चालत बराक्का लिफ्ट गाठा. ५८ मीटर उंचीची ही लिफ्ट थेट वरच्या बागेत सोडते. दुपारी १२ वाजता खालच्या तटावरून तोफ उडते, कठड्याजवळची जागा आधीच धरा.

सकाळ मात्र सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चला द्या. बाहेरून अगदीच साधं, आत डोळे दिपतात. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं भलंमोठं चित्र तिथेच आहे, त्याच्यासमोर घाई नको. खांदे झाकलेले हवेत, टोकदार टाचांना मनाई. रविवारी पर्यटकांना बंद!

रस्ते सरळ आखलेले, त्यामुळे चुकायची भीती नाही. चढउतार मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतात. आणि हो, परतायची वेळ जहाजाच्या घड्याळानुसार, मोबाइलच्या नाही.