तयारीला कुणी नसतं, फोटोला सगळे असतात

नोव्हेंबर सरत आला की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो : "यंदा हात आखडता आहे, मुलांना काय सांगायचं?" दिवाळीचा खर्च नुकताच अंगावर पडलेला असतो आणि ख्रिस्ती घरांत नाताळ तोंडावर आलेला असतो. हल्ली हा प्रश्न बिगरख्रिस्ती घरांतूनही येतो, कारण सांताकडे काय मागायचं याची यादी मुलं शाळेतूनच घेऊन येतात. सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. नावं देत नाही. मुलं ज्या हाका मारतात त्याच वापरते.

पप्पा बेचाळिशीतले, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला. मम्मी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात नर्स. थोरला चौदा वर्षांचा, धाकटी सात. माणसं मूळची नगरकडची. तिथला मराठी ख्रिस्ती समाज जुना, अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ पासूनचं. त्यामुळे यांच्या घरचा नाताळ म्हणजे घरचा फराळ, ढोलकी-पेटी घेऊन घरोघर गाण्यांची फेरी आणि उपासनेनंतर मंडळीचं जेवण. घोडबंदर रोडवर फ्लॅट घेतल्यावर त्यातलं एकेक गळत गेलं आणि त्या जागी खरेदी आली.

पप्पा माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. नाताळचा विषय बोलता बोलता निघाला. आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये शिल्लक संपली होती, पगारवाढ झाली नव्हती आणि क्रेडिट कार्डाचं बिल ते तीन महिने 'किमान रक्कम' भरून पुढे ढकलत होते. असं ढकललेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे. इतकं महाग कर्ज घरात दुसरं क्वचितच असतं. हे त्यांना माहीत होतं. तरी म्हणाले, "मॅडम, वर्षभर मुलांना वेळ देता येत नाही. नाताळला तरी हात सैल सोडायला नको का?"

या वाक्याशी मी थांबले. वेळेची भरपाई पैशानं करायची सवय लागली, की पैसा आटल्यावर माणसाला आपण बाप म्हणूनच कमी पडलो असं वाटायला लागतं. त्यांची झोप तिथे अडकली होती.

पुढच्या वेळी मी त्यांना दोन कागद आणायला सांगितले : आदल्या डिसेंबरचं कार्डाचं स्टेटमेंट आणि रजेचा तक्ता. पहिल्यात पन्नास हजारांच्या पुढचा खर्च निघाला. गेम खेळायचं मशीन, बाहुलीघर, चौघांचे कपडे, हॉटेलातलं जेवण, दुकानातून आणलेला येशूजन्माच्या देखाव्याचा तयार गोठा. दुसऱ्या कागदावर ३१ डिसेंबरला बाद होणाऱ्या सहा रजा होत्या. दरवर्षी अशाच बाद व्हायच्या. गंमत म्हणजे त्यांचं काम अमेरिकन कंपनीचं. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तिकडे सॉफ्टवेअरमध्ये बदल करायला मनाई असते, इकडे माणसं डेस्कवर नुसती बसून असतात. रुपयाचा हिशेब लागत नाही म्हणून रात्र रात्र जागणारा माणूस सहा दिवस सोडून देत होता आणि त्याला ते नुकसान वाटतच नव्हतं.

मुलांशी मी वेगवेगळी बोलले. धाकटीला आदल्या वर्षीच्या बाहुलीघरातली प्रत्येक खुर्ची पाठ होती. हॉटेलातलं काही आठवत नव्हतं. "आंटी, मला कागद फाडायचं गिफ्ट पाहिजे," हे तिनं स्पष्ट सांगितलं.

थोरला आधी "मला काही नको" म्हणाला. चौदाव्या वर्षी सगळेच म्हणतात. मग विचारलं, गेल्या नाताळात घरात काय काय झालं ते सांग. तो म्हणाला, "पप्पा येतात, पण व्हिडिओ काढतात. आमच्याकडे तयारीला कुणी नसतं, फोटोला सगळे असतात."

हे वाक्य त्याच्या परवानगीनं मी पप्पा-मम्मींपुढे ठेवलं. मम्मी लगेच म्हणाल्या, "म्हणजे आता सगळं घरी करायचं? वेळ द्या, वेळ द्या म्हणजे शेवटी माझाच ओटा."

बाई बरोबर बोलत होत्या. 'पैसे नकोत, वेळ द्या' हा सल्ला बहुतेक घरांत बाईच्या डोक्यावर उतरतो. घरचा फराळ, घरची सजावट, हातानं केलेल्या भेटी, हे सगळं स्वस्त दिसतं कारण तिच्या श्रमाची पावती फाडली जात नाही. त्यातून या रुग्णालयात पाळ्या करून येणाऱ्या. म्हणून आम्ही पहिला नियम तोच केला : मम्मीला एकटीला करावं लागेल असं काहीही यादीत घ्यायचं नाही. केक बेकरीतून येईल, त्यात कमीपणा नाही. करंज्या नगरहून आत्या पाठवेल. घरी एकच पदार्थ करायचा आणि तो चौघांनी मिळून.

तारखांचा प्रश्न सोपा निघाला, कारण चौकट त्यांच्या पंचांगातच होती. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो आणि नाताळचे दिवस जुन्या रीतीनं ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत धरतात. म्हणजे सगळा आनंद २५ तारखेच्या बारा तासांत कोंबायची गरजच नव्हती. मम्मींनी दिवाळीत हिंदू मैत्रिणींसाठी पाळ्या केल्या होत्या, त्याच्या बदल्यात २५चा दिवस मोकळा मिळाला. २४ची रात्रपाळी मात्र सुटली नाही. पप्पांनी चार रजा टाकल्या, दोन आजीच्या तपासणीसाठी राखल्या.

मुलांना पैशाचं काय सांगायचं, हे आम्ही खोलीत चक्क घोकून घेतलं. पालक इथे दोन टोकांना जातात. एक तर काहीच सांगत नाहीत आणि मूल घरातल्या कुजबुजीवरून भलतंच काही समजून बसतं. नाहीतर सगळं ओझं त्याच्यासमोर रिकामं करतात. धाकटीला सांगायचं ते एवढंच : "आजीच्या पायाला पैसे लागले. यंदा तुला एक गिफ्ट, पाचशेच्या आतलं. कुठलं ते तू ठरव." थोरल्याला खरा आकडा सांगायचा, आणि त्याच दमात तो फेडायची आखणीही सांगायची, म्हणजे काळजी त्याच्या अंगावर पडत नाही. त्यानं विचारलं, "गेल्या वर्षीच्या माझ्या मशीनचे हप्ते अजून चालू आहेत?" होते. पप्पांनी हो म्हटलं आणि मी सुचवल्याप्रमाणे पुढे भाषण दिलं नाही.

धाकटीची भेट रद्द करायची नाही, यावर मी ठाम होते. पप्पा उत्साहात आले होते. "यंदा वस्तू बंद, फक्त आठवणी," म्हणायला लागले. मोठ्यांच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे. व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच यांच्या २००३च्या अभ्यासात लोकांनी वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेल्या खर्चातून जास्त समाधान मिळाल्याचं सांगितलं होतं. पण ती मोठी माणसं. लॅन चॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ३ ते १७ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लहान मुलांना वस्तूंमधून अधिक आनंद मिळताना दिसला आणि वय वाढेल तसा कल अनुभवांकडे झुकत गेला. कारण साधं आहे. घडून गेलेली गोष्ट आठवून तिची पुन्हा गोडी घ्यायला स्मरणशक्ती पिकावी लागते. बाहुली समोर असते. सात वर्षांच्या मुलीवर साधेपणाचा प्रयोग केला, तर तिच्या हाती फक्त रिकामे हात लागतात. तिला एक वस्तू द्या आणि केलेल्या गोष्टी फोटो दाखवत, गोष्टीसारख्या पुन्हा पुन्हा सांगा.

घरचा एकच पदार्थ म्हणून त्यांनी कुलकुल निवडलं. मैदा, नारळाचं दूध, थोडं तूप, साखर, एक अंडं. सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि गुंडाळून शिंपल्यासारखी करायची. मग तळायची. एक किलो मैद्याला चार माणसांची संध्याकाळ जाते, आणि मला नेमकं तेच हवं होतं. हात पिठात बरबटले की फोन कुणी उचलत नाही. दुसरं असं, की किशोरवयीन मुलं समोर बसवून 'बोल' म्हटलं तर बोलत नाहीत. नजर खाली, हाताला काम आणि शेजारी माणूस, असं असलं की ती बोलतात. पालकांना मी नेहमी सांगते की मुलाशी बोलायचं असेल तर त्याच्यासोबत स्कूटर पुसा, मटार सोला. त्या संध्याकाळी थोरल्यानं शाळेतली एक मारामारी सांगितली. ती घरात कुणाला माहीतच नव्हती. पप्पांनी उठून शाळेला फोन लावला नाही, गोळ्या वळत राहिले. याचं श्रेय मी त्यांना देते. कुलकुल जरा कडक झालं म्हणे.

गोठा पप्पा आणि थोरल्यानं केला, पुठ्ठा आणि टॉवरच्या बागेतलं कापलेलं गवत आणून. गोठ्याची ही रीत असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेचो गावी खऱ्या बैल-गाढवासह मांडलेल्या गव्हाणीमुळे रूढ झाली, हे थोरल्यानं मला ऐकवलं. संडे स्कूलमध्ये कळलं होतं. गवत-पुठ्ठ्याचा गोठा गरिबीचा वाटेल ही पप्पांची धास्ती परस्पर गेली.

सगळं असं सुरळीत झालं नाही. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी पप्पा-मम्मींचं कडाक्याचं भांडण झालं. भारतीय रेल्वेच्या कृपेनं ट्रान्स हार्बरवर अडकून पप्पा उशिरा आले आणि मिळून करायचं ठरवलेलं काम मम्मींनी एकटीनं उरकलं. पहिला नियम मोडला होता, मम्मींनी तो बरोबर दाखवून दिला. त्याहून मनाला लागलं ते वाशीच्या मामांचं. दरवर्षी दोन्ही घरांत सगळे सगळ्यांना भेटी देतात, म्हणजे आठ माणसांच्या छप्पन्न पिशव्या. यंदा चिठ्ठ्या काढू, प्रत्येकानं एकालाच तीनशेच्या आतलं काही द्यावं, असं पप्पांनी सुचवलं. मामा आधी गप्प झाले, मग म्हणाले, "अडचण होती तर सांगायचं ना भावजी, मी दिले असते." हा टोमणा नव्हता, पण पप्पांना लागला. आणि २५ला मामा धाकटीसाठी रिमोटची भलीमोठी गाडी घेऊन आलेच.

अशा वेळी काय करायचं, हे मला खूप जण विचारतात. काही करायचं नाही. मूल नाचेल, नाचू द्यावं. आपल्या पाचशेच्या भेटीशी तुलना मूल करत नसतं, ती आपण करतो. मामांना मुलांदेखत सुनवायचं नाही. हवं तर नंतर फोन करून सांगावं की पुढच्या वेळी गाडीऐवजी तिला एक दिवस वाशीला ठेवून घ्या, मिनी सीशोरला फिरवा. पप्पांनी तसा फोन केला. मामांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. नंतर सुट्टीत भाची तिकडे दोन दिवस राहून आली एवढं खरं.

२४च्या रात्री मम्मी कामावर, हे दोन्ही मुलांना जड गेलं. सकाळी साडेआठला त्या आल्या, झोपल्या नाहीत, तिघांबरोबर उपासनेला गेल्या आणि दुपारी चारपर्यंत गाढ झोपल्या. जेवण संध्याकाळी. भेटीचा कागद धाकटीनं मम्मी उठल्यावरच फाडला. तेवढं थांबणं तिला फारसं जमलं नाही, एक कोपरा आधीच उचकटला होता.

ज्या घरांत नाताळ हा धर्माचा सण नाही आणि मूल सांता मागतं, त्यांनाही मी फार वेगळं सांगत नाही. एक छोटी वस्तू उशाशी ठेवावी, तुमच्या ऐपतीतली. मॉलमधली झगमग बघायला जायचं तर नाताळच्या आठवड्यात न जाता आधीच्या एखाद्या साध्या वारी जावं, पार्किंगच्या रांगेत दोन तास जात नाहीत. आणि शेजारी कुणी ख्रिस्ती कुटुंब असेल तर मुलाला शुभेच्छा द्यायला पाठवावं, आपल्या फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं तसं.

पप्पांची झोप जानेवारीत सुधारली. त्यात नाताळचा वाटा किती आणि कार्डाची थकबाकी बँकेकडून कमी व्याजाच्या हप्त्यांत फिरवून घेतली त्याचा किती, हे सांगता येणार नाही. दोन्ही लागलं. यंदा त्यांनी रजेचा अर्ज ऑक्टोबरातच टाकला आहे आणि मम्मींनी दिवाळीच्या दोन्ही पाळ्या स्वतःहून मागून घेतल्या. हप्ते मार्चपर्यंत आहेत. थोरल्याला या वेळी हेडफोन हवाय, महागातला. अर्धे पैसे त्यानं घालायचे असं ठरलंय. आजीनं दिलेल्या बक्षिसातले आठशे त्यानं बाजूला टाकले आहेत आणि बाकीच्यासाठी तो पप्पांशी घासाघीस करतो आहे.