८०० बॅरलची विहीर २३५ वर कशी आली?

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिथल्या चार मित्रांबरोबर त्याने ईगल फोर्ड भागातल्या एका तेलविहिरीत छोटा हिस्सा घेतला. ३० व्या दिवशी विहीर रोज ८०० बॅरल देत होती, १२० व्या दिवशी ४१०, २७० व्या दिवशी २७० आणि वर्ष भरताना २३५. कंपनीच्या कागदावर मात्र ३० वर्षांचा आलेख काढलेला आहे. विहीर बिघडली, की पोराला फसवलं? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : आधी कॅल्क्युलेटर घ्या आणि प्रत्येक आकड्याला त्या दिवसाच्या वर्गमुळाने गुणा. ३० चं वर्गमूळ ५.४८, गुणिले ८००, म्हणजे ४३८२ च्या आसपास. ४१० गुणिले १२० चं वर्गमूळ, ४४९१. तिसरं उत्तर ४४३७, चौथं ४४९०. चारही वेळा साडेचार हजाराच्या जवळपासच. बिघडलेली विहीर इतक्या शिस्तीत उतरत नाही. तेव्हा बिघाडाची काळजी सोडा. फसवणुकीचं म्हणाल तर आलेखाकडे नंतर येतो.

तुम्ही सिन्नरचे, म्हणजे आडवे बोअर तुम्हाला सांगायला नकोत. आमच्या गावच्या विहिरीत वडिलांनी सात परसावर चारी बाजूंनी आडवे बोअर मारून घेतले होते. आधी मोटर पाऊण तासात हवा ओढायची, नंतर अडीच तास चालायला लागली. खडक तोच, फक्त पाझरायला जागा वाढली. ईगल फोर्डमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर करतात. विहीर दोन-तीन किलोमीटर खाली नेऊन आडवी वळवायची, आडव्या भागात टप्प्याटप्प्याने प्रचंड दाबाने पाणी घालून खडकाला भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून त्यात वाळू भरायची.

पण भेगांमधला खडक घट्टच राहतो. मी नोकरीची सुरुवात बॉम्बे हायवर केली. तिथल्या चुनखडीत विहीर काही तास बंद ठेवली की गेजवर दाब चढताना दिसायचा आणि संध्याकाळपर्यंत खडकाचा अंदाज यायचा. खडकातून तेल किती सहज वाहतं ती त्याची पारगम्यता, ती डार्सी या एककात मोजतात. चांगल्या वाळूखडकाची १०० मिलिडार्सी धरा, शेलची, म्हणजे ईगल फोर्डसारख्या घट्ट चिखलखडकाची, १०० नॅनोडार्सी. फरक दहा लाख पटींचा. बाकी सगळं सारखं धरलं, तर दाबाचा जो बदल वाळूखडकात एका मिनिटात पोचतो, त्याला शेलमध्ये तेवढंच अंतर कापायला दहा लाख मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. आणि अंतर सरळ हिशेबाने वाढत नाही, वेळेच्या वर्गमुळाने वाढतं. दुप्पट लांबून तेल यायला चौपट वेळ. म्हणून तुमचा आकडा चौपट दिवसांनी निम्मा झाला. टेक्सासमध्येच फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जीची पहिली विहीर १९८१ ची. ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या आठ हजारांहून जास्त विहिरींचे आकडे तपासून २०१३ मध्ये छापले, त्यातही हाच वर्गमुळाचा उतार निघाला.

याच नियमातून एक हिशेब हाताशी येतो. पहिल्या वर्षात जेवढं तेल निघालं, साधारण तेवढंच पुढच्या तीन वर्षांत मिळून निघेल. मुलाला हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे दर महिन्याला धक्का बसणार नाही.

मात्र हे शेजारशेजारच्या दोन भेगांचे पाझर एकमेकांना भिडत नाहीत तोवरच. एकदा भिडले की मधला खडक ही वाटून घेतलेली भाकरी, बाहेरून नवीन काही येत नाही. मग वर्गमुळाचा नियम संपतो आणि उतार एकदम तीव्र होतो. तुमच्या गुणाकाराचं उत्तर ज्या महिन्यापासून ४४०० सोडून सारखं खाली जायला लागेल, तो महिना वहीत लिहून ठेवा. त्यानंतरच विहिरीत एकूण किती होतं ते कळायला लागतं.

आता ३० वर्षांचा आलेख. असे आलेख बहुतेक आर्प्स नावाच्या अभियंत्याच्या १९४५ च्या सूत्राने काढतात. त्यात 'बी' नावाचा एक आकडा असतो, वक्र किती लवकर सपाट होणार ते तो ठरवतो. जुन्या पद्धतीच्या विहिरींत, पाझर साठ्याच्या कडेला भिडल्यावर, तो शून्य ते एकच्या दरम्यान असतो. शेलच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर बसवला की तो एकच्या वर जातो, तुमच्यासारखा प्रवाह असेल तर थेट २ कडे. आणि बी एक किंवा त्याहून मोठा धरून रेघ ओढतच राहिलं, तर कागदावर विहिरीतलं तेल कधी संपतच नाही. तेव्हा कंपनीला विचारा, बी किती धरला आणि वर्षाला किती टक्के घट उरल्यावर वक्र बदलला, म्हणजे पुढे तीच टक्केवारी कायम धरली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर तो कागद वहीला कव्हर घालायला वापरा.

हे मी तावातावाने लिहितो, कारण असला कागद मी स्वतः काढलेला आहे. ईगल फोर्डमध्येच, आठ विहिरी, चौदा महिन्यांचे आकडे. सिम्युलेटरवर, म्हणजे साठ्याची नक्कल करणाऱ्या संगणक प्रणालीवर, दोन मॉडेल बसली. एकात भेगा विहिरीच्या दोन्ही बाजूंना ६० मीटर आणि खडक २०० नॅनोडार्सी. दुसऱ्यात भेगा १२० मीटर आणि खडक ५०. दोन्ही रेघा आकड्यांवर इतक्या तंतोतंत बसल्या की एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या दिसेनात. यात नवल काही नव्हतं. या टप्प्यात विहीर फक्त एक गुणाकार सांगते : भेगांचं क्षेत्रफळ गुणिले पारगम्यतेचं वर्गमूळ. क्षेत्रफळ दुप्पट करा, पारगम्यता चौथाई करा, गुणाकार तोच. पण पहिल्या मॉडेलमध्ये भेगांचे पाझर दोन वर्षांत भिडत होते, दुसऱ्यात आठ वर्षांत, आणि दुसऱ्यात हाती येणारं तेल जवळजवळ दुप्पट होतं.

मी दुसरं निवडलं. भेगा पाडताना खडक तडकल्याचे बारीक हादरे यंत्रांनी टिपले होते आणि त्यांचे ठिपके नकाशावर १२० मीटरच्याही पुढे पसरले होते. हादरा बसला म्हणजे तिथवर वाळू पोचली असं नाही, हे मला माहीत होतं. पण वरिष्ठांना लांबचा आलेख हवा होता आणि मलाही तो दाखवायला बरा वाटला. २७ व्या महिन्यात पहिल्या विहिरीचा गुणाकार घसरला, तीन महिन्यांत आणखी चार. मीटिंगमध्ये कोणी मला बोललं नाही. चौदा महिन्यांपूर्वी बाजूला टाकलेली फाइल मी रात्री उघडून पाहिली, आकडे पहिल्या मॉडेलच्या रेघेवर चालले होते.

म्हणून तुमच्या मुलाने एक आलेख मागू नये, तीन मागावेत : आखूड भेगांचा, मधला आणि लांब भेगांचा. तिन्ही वर्षभराच्या आकड्यांवर बसलेले हवेत. पुढच्या पैशाचा निर्णय पहिल्यावर घ्यावा.

प्रश्न : सर, मी पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेलमधली छिद्रं नॅनोमीटरची असतात, तिथे डार्सीचा नियम लागत नाही असं वाचलं. मग सिम्युलेटर डार्सीच का वापरतात? प्रोजेक्टसाठी मी नॅनोछिद्रांतल्या प्रवाहाचं मॉडेल घ्यावं का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : डार्सी साहेबांनी १८५६ मध्ये दिजोँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून हा नियम मांडला : दाबाचा फरक जेवढा, त्या प्रमाणात प्रवाह. शेल त्यांच्या स्वप्नातही नव्हता. तुझी शंका रास्त आहे. अरुंद छिद्रात वायूचे रेणू भिंतीशी थांबत नाहीत, घसरत पुढे जातात, त्यामुळे खडक असतो त्यापेक्षा जास्त पारगम्य भासतो. क्लिंकेनबर्गने १९४१ मध्येच यासाठी दुरुस्ती दिली आहे. पण ही घसरण दाब कमी असताना मोठी असते. खोल, चढ्या दाबाच्या साठ्यात वायू दाटलेला असतो, तिथे ती बरीच लहान होते. शेलमधल्या सेंद्रिय भागाला चिकटलेला वायू सुटतो तोही मुख्यतः दाब बराच उतरल्यावर. तेलाला तर क्लिंकेनबर्गची दुरुस्ती लागूच नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो. भेगांच्या क्षेत्रफळातच दुपटीची चूक असू शकते तिथे छिद्राच्या भिंतीवर रेणू कसा घसरतो याचं समीकरण बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली भिंतीला तैलरंग देणं. प्रोजेक्टसाठी एक साधं मॉडेल घे : एक भेग, तिच्या शेजारी खडकाची एक पट्टी, दोन टोकांना सीमा. ग्रिडचे चौकोन भेगेजवळ अगदी बारीक ठेव आणि लांब जाताना मोठे करत जा. सगळीकडे सारखे मोठे ठेवलेस तर पहिल्या महिन्यांतला उतार चुकीचा येईल आणि तू दोष भौतिकशास्त्राला देशील. आधी त्यातून वर्गमुळाचा उतार काढून दाखव. तो आला की मग घसरणीची दुरुस्ती घाल आणि उत्तर किती हललं ते लिही. परीक्षकाला तेवढं एक पान पुरेल.

प्रश्न : आमच्या वस्तीवरच्या हापशाच्या बोअरला सरकारी गाडीने येऊन जलभंजन केलं, पाणी वाढलं. अमेरिकेतलं फ्रॅकिंग ते हेच का? – एक शेतकरी, ता. संगमनेर

उत्तर : भावकीतलंच, पण वाटणी वेगळी. तुमच्या बोअरमध्ये दाबाच्या पाण्याने काळ्या खडकातल्या मुळातच असलेल्या, गाळाने बुजलेल्या सांधी मोकळ्या होतात. वाळू भरत नाहीत, आणि पाणी वर्षावर्षाच्या पावसाने परत भरतं. शेलमध्ये नव्या भेगा पाडाव्या लागतात, आणि तिथे पाऊस नाही. निघालं ते निघालं.

प्रश्न : मी राजस्थानात टाइट गॅसच्या, म्हणजे घट्ट खडकातल्या गॅसच्या, विहिरींवर आहे. माझं मॉडेल सात महिने गॅसच्या आकड्यांशी उत्तम जुळलं. आठव्या महिन्यात विहीर एकदम खाली, मग दोन दिवस वर, पुन्हा खाली. पारगम्यता कमी करून पाहिली तरी जुळत नाही. साठा संपत आला का? – एक इंजिनिअर

उत्तर : पारगम्यतेला हात लावू नका, ती जिथे होती तिथे परत ठेवा. घट्ट खडक असा वर-खाली उड्या मारत नाही, तो हळूच उतरतो. उड्या मारते ती ट्युबिंग, म्हणजे गॅस वर आणणारी आतली नळी. गॅसचा वेग कमी झाला की सोबतचं पाणी आणि हलकं तेल थेंब थेंब वर उचललं जात नाही, ते तळाशी साचतं. त्या साचलेल्या स्तंभाचं वजन खडकाच्या तोंडावर बसतं, गॅस दबतो. मग दाब साठला की उसळी येते, थोडं पाणी फेकलं जातं, पुन्हा तेच. किती वेगाखाली हे सुरू होतं याचं सूत्र टर्नर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दिलं, ते तुमच्या ट्युबिंगच्या व्यासाला आणि वरच्या दाबाला लावून पाहा.

आणि मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही मॉडेल गॅसच्या आकड्यांशी जुळवलं म्हणता, तळाच्या दाबाबद्दल पत्रात एक ओळ नाही. दाबाशिवाय जुळवलेला प्रवाह म्हणजे मोटर किती वेळ चालली ते न विचारता विहिरीचं पाणी मोजणं. मधल्या काळात कोणी चोक (विहिरीच्या तोंडावर प्रवाह आवळणारी झडप) बदलला असेल तर तेही मॉडेल मुकाट्याने खडकाच्या नावावर टाकतं. आठव्या महिन्यातला ट्युबिंगचा आणि केसिंगचा (बाहेरच्या नळीचा) दाब तासातासाचा काढा आणि एकाच कागदावर वर-खाली लावा. विहिरीत पॅकर (दोन नळ्यांमधली जागा बंद करणारं बूच) नसेल आणि केसिंगचा दाब चढत असताना ट्युबिंगचा उतरत असेल, तर तळाशी पाणी साचलं आहे. तसं दिसलं तर आधी विहीर काही तास बंद ठेवून पाहा किंवा साचलेल्या पाण्याचा फेस करून ते हलकं करणाऱ्या कांड्या टाका, आणि बारीक ट्युबिंगचा खर्च त्यानंतर मांडा. मॉडेल तोवर सातव्या महिन्यावरच थांबवून ठेवा.