हर्पिसच्या प्रतिपिंडांची चाचणी एका ठिकाणी पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या ठिकाणी निगेटिव्ह कशी येते?

चिपळूणला हर्पिस-२ ची (एचएसव्ही-२ विषाणूची) आयजीजी चाचणी, म्हणजे रक्तात टिकून राहणारी प्रतिपिंडे शोधणारी चाचणी, १.६ या आकड्यासह पॉझिटिव्ह आली, पंधरा दिवसांनी मुंबईत वेगळ्या किटवर ती निगेटिव्ह आली आणि लक्षण तर एकही नाही, मग खात्रीची चाचणी बनवणे इतके अवघड का, असे आपण विचारले आहे. सिंधुदुर्गातल्या एका प्रयोगशाळेत बारा वर्षे एलायझाच्या (प्लेटवरच्या विषाणूच्या प्रथिनांना रक्तातली प्रतिपिंडे किती चिकटतात हे मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेट लावल्या, त्या आधारे लिहितो.

अडचणीचे मूळ विषाणूतच आहे. बहुधा ओठांवर फोड आणणारा एचएसव्ही-१ आणि जननेंद्रियांवर येणारा एचएसव्ही-२ यांची बहुतेक प्रथिने इतकी सारखी आहेत की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या प्रथिनांनाही चिकटतात. जुन्या चाचण्यांत प्लेटवर संपूर्ण विषाणूचा अर्क लावत, त्यामुळे लहानपणीच एचएसव्ही-१ होऊन गेलेल्या माणसाचे सिरमही (रक्तातला पेशीविरहित द्रव) हर्पिस-२ साठी पॉझिटिव्ह दिसे. ग्लायकोप्रोटीन-जी हे प्रथिन मात्र दोघांत पुरेसे वेगळे निघाले. एचएसव्ही-२ चे हे प्रथिन एका जातीच्या गोगलगाईपासून मिळणाऱ्या लेक्टिनला (साखरेच्या रेणूंना धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, हे १९८० च्या दशकात लक्षात आले आणि ते शुद्ध करण्याची वाट सापडली. (आमच्या परसात पावसाळ्यात रांगणाऱ्या गोगलगाई त्या जातीच्या नव्हेत.)

प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात ते प्रथिन, शुद्ध मिळाला तरी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातली रेषा कुठे ओढायची हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे. त्यासाठी बाधित आणि अबाधित असे खात्रीचे सिरम हवेत, त्यांत फक्त एचएसव्ही-१ असलेल्यांचे भरपूर हवेत, आणि ज्या लोकांत किट वापरायचे त्यांच्यातलेही हवेत. आफ्रिकेतील काही लोकसमूहांत किटवर छापलेल्या कटऑफने (या रेषेच्या आकड्याने) खोटे पॉझिटिव्ह इतके आले की संशोधकांना तो वर न्यावा लागला. शिवाय तेच सिरम निरनिराळ्या दिवशी लावून आकडा किती हलतो तेही पाहावे लागते. एकदा जुलैत लाईट गेली, इन्क्युबेटर ३७ अंशांवरून खाली उतरला आणि कंट्रोलच (ज्यांचा निकाल आधीच ठाऊक असतो ते नमुने) बसेनात. ती अख्खी प्लेट मी टाकून दिली होती.

आपला १.६ हा आकडा नेमका या रेषेला लागून आहे. बऱ्याच किटमध्ये १.१ च्या वर पॉझिटिव्ह लिहितात, पण साधारण ३ पर्यंतचे निकाल अनेकदा खोटे ठरतात. समजा, १००० लक्षणरहित लोकांपैकी २० जण बाधित आहेत आणि चाचणीची संवेदनशीलता (बाधितांना पॉझिटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) व विशिष्टता (अबाधितांना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) दोन्ही ९५ टक्के आहेत. तर १९ खरे पॉझिटिव्ह सापडतील आणि त्यांच्यासोबत ४९ खोटेही येतील. किट वाईट नसतानाही असे होते, म्हणूनच लक्षणे नसलेल्या सर्वांची सरसकट तपासणी करू नये असे अमेरिकेतील तज्ज्ञगटाचे मत आहे.

आपण दोन्ही अहवाल त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून, वेगळ्या पद्धतीच्या चाचणीने किंवा उपलब्ध असल्यास वेस्टर्न ब्लॉटने (विषाणूची प्रथिने वेगवेगळी करून प्रतिपिंडे कोणत्यांना चिकटतात हे पाहणाऱ्या चाचणीने) खात्री करून घ्यावी. संशयित संपर्क अलीकडचा असेल, तर त्यानंतर १२ आठवडे जाऊ द्यावेत, कारण तोवर प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसू शकतात. कोणी आयजीएम (बाधेच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी सुचवल्यास तिच्यावर पैसे घालू नयेत. ती दोन प्रकारांत भेद करत नाही आणि जुनी बाधा उलटली तरी पॉझिटिव्ह येऊ शकते.