मेलबर्नच्या फ्लॅटमध्ये पहिला साप म्हणून कार्पेट पायथन घ्यावा का?

तुम्ही विचारलंय: मेलबर्नला भाड्याचा फ्लॅट, घरात बारा वर्षांची मुलगी, साप पाळायचा अनुभव नाही. व्हिडिओंमध्ये सगळे बॉल पायथन नाहीतर कॉर्न स्नेक घ्या म्हणतात, इथला ब्रीडर (साप वाढवून विकणारा) मात्र इथलाच अजगर, कार्पेट पायथन, घ्या म्हणतो. कोणाचं ऐकायचं?

ब्रीडरचं ऐका. फक्त त्याच्याकडचं सगळ्यात स्वस्त पिल्लू उचलून आणू नका.

बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक ऑस्ट्रेलियात घरी पाळताच येत नाहीत. परदेशी साप बाळगणं इथे गुन्हा आहे. त्यामुळे तुमच्यापुढे खरी निवड इथल्याच अजगरांमधली आहे: एकीकडे कार्पेट, दुसरीकडे चिल्ड्रन्स, स्टिमसन्स आणि स्पॉटेड हे साधारण मीटरभर लांबीचे छोटे अजगर. छोट्यांना 90 सेंमीची पेटी पुरते, हा मोठा फायदा. पण त्यांची पिल्लं अगदी बारीक असतात, रानात पाली-सरड्यांवर वाढतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना उंदराची सवय लावताना अनुभवी माणसाचाही घाम निघतो. कार्पेटचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच सुमारे 40 सेंमीचं, आणि एकदा खायला लागलं की सहसा मागे हटत नाही. शिवाय संध्याकाळी ते फांद्यांवर हिंडताना दिसतं. दिवसरात्र दगडाखाली दडून बसत नाही. मुलीला साप बघायला मिळावा असं वाटत असेल तर हा फरक मोठा आहे.

आता कोणता कार्पेट? नवखे इथेच चुकतात. कार्पेट म्हणजे मोरेलिया स्पायलोटा ही एक जात, पण तिच्या उपजातींमध्ये आकाराचा आणि स्वभावाचा बराच फरक आहे. सगळीकडे सहज मिळतो तो कोस्टल. तो सव्वादोन-अडीच मीटर सहज होतो, काही तीन मीटरच्याही पुढे जातात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये नको. काळा-पिवळा जंगल कार्पेट दिसायला सगळ्यात देखणा, पण उत्तर क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनातला. त्याला दमटपणा जास्त लागतो आणि पिल्लं तापट असतात. डायमंड सिडनीच्या बाजूचा, थंड हवेतला. त्याला वर्षभर भरपूर उष्णता आणि भरपूर खाणं दिलं की काही वर्षांत हाडं खराब होतात, म्हणून तोही पहिल्यांदा नको. उरतात डार्विन आणि मरे-डार्लिंग. दोन्ही बहुधा दोन मीटरच्या आसपास राहतात. मी मरे-डार्लिंग घ्या म्हणेन: राखाडी अंगावर तपकिरी पट्टे, स्वभाव तुलनेने शांत, आणि मूळचा थंड हिवाळ्याच्या मुलखातला. व्हिक्टोरियाच्या उत्तरेला नदीकाठच्या जुन्या रेड गमच्या (निलगिरीच्या जातीचं झाड) ढोलीत तो अजूनही सापडतो, पण तिथे तो धोक्यात आहे. म्हणून बंदिस्त अवस्थेत जन्मलेलाच घ्यायचा आणि विकणाऱ्याचा परवाना क्रमांक लिहून घ्यायचा.

साप घरी येण्याआधी तुमच्या नावावर राज्याचा वन्यजीव परवाना हवा. घरमालकाची लेखी परवानगीही आधीच घ्या. पुढे दुसऱ्या राज्यात घर हलवलंत तर सापासाठी वेगळा परमिट काढावा लागतो. (पुण्या-मुंबईहून हे वाचणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलिया आपले साप पाळण्यासाठी बाहेर पाठवू देत नाही, आणि भारतात अजगर, नाग, धामण पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे उत्तर तिकडे लागू होत नाही.)

पिल्लाऐवजी वर्षभराचा साप घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण तो खातो की नाही हा प्रश्न मिटलेला असेल. खाण्याची वही मागा. सलग आठ-दहा वेळा फ्रीजरमधला, वितळवलेला उंदीर खाल्लेला असावा. हातात घेऊन बघा: पाठीचा कणा सरळ, गुदद्वार स्वच्छ, तोंडाशी फेस नाही. मग हात पांढऱ्या टिश्यूवर पुसा. मोहरीहून बारीक काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे परजीवी आहेत, तिथून साप घेऊ नका.

पेटी मोठ्या सापाला किमान 120 सेंमी लांब, 60 खोल आणि 60 उंच; उंची वाढवता आली तर उत्तम, कारण कार्पेट चढणारा साप आहे. सापाच्या अंगाएवढ्या जाडीच्या दोन आडव्या फांद्या घट्ट स्क्रूने बसवा. लपायला दोन जागा द्या, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. एकच दिलीत तर साप ऊब आणि आडोसा यातलं एकच निवडतो, आणि बहुतेक वेळा आडोसा निवडून थंडीत बसतो. अन्न पचत नाही, मग ओकारी होते. तळाला सुरुवातीला वर्तमानपत्र पुरे. देवदाराचा किंवा पाइनचा वासाचा भुसा टाळा.

खर्चाला हात आखडायचा नाही ती जागा म्हणजे थर्मोस्टॅट, हीटर चालू-बंद करून तापमान राखणारं यंत्र. मेलबर्नच्या जुन्या फ्लॅटमध्ये हिवाळ्यात रात्री खोली 12 अंशांवर जाते. सापाला गरम टोकाला 30 ते 32 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला 23-24 हवेत. छताला सिरॅमिक हीटर किंवा हीट पॅनल लावा. सिरॅमिकभोवती तारेची जाळी हवीच, कारण कार्पेट त्याला विळखा घालून बसतो आणि भाजून निघाला तरी सरकत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर गरम जागेवर, सापाच्या उंचीला, क्लिपने पक्का करा. नुसता सोडलेला सेन्सर साप ओढून पाण्याच्या भांड्यात टाकतो. मग थर्मोस्टॅटला पेटी गार वाटते, हीटर बंदच होत नाही आणि साप शिजतो. पडताळणीला दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल थर्मामीटर ठेवा. पेटी आठवडाभर रिकामी चालवा, आकडे स्थिर झाले की मगच साप आणा.

आणल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावू नका. एकदा जेवला, 48 तास गेले, की मग दहा मिनिटांपासून सुरुवात. छोटा कार्पेट चावायला धावतो, त्याने दचकू नका. रानात त्याला सगळेच खातात, म्हणून तो वरून येणाऱ्या प्रत्येक हाताला शत्रू समजतो. पिल्लाचा चावा ओरखड्याएवढा असतो. हात वरून न नेता बाजूने न्या, अंगाच्या मधल्या भागाखाली घाला. पेटी उघडल्यावर दर वेळी आधी साप उचलायच्या आकडीने (हुकने) किंवा कागदाच्या गुंडाळीने पाठीला हलकेच स्पर्श करा. ओठांवरच्या खाचांनी साप तुमच्या हाताची ऊब टिपतो, आणि भुकेला असेल तर ती ऊब म्हणजे त्याच्यासाठी जेवण. आधी गार वस्तूचा स्पर्श झाला की आज खाणं नाही हे त्याला काही आठवड्यांत कळतं. मोठ्या सापाने पकडलंच तर हात ओढू नका, दात आत वळलेले असतात, कातडी फाटते. थंड पाण्याखाली हात धरा, किंवा त्याच्या तोंडाशी थोडं हँड सॅनिटायझर लावा, तो सोडतो. मुलीने साप हाताळताना तुम्ही शेजारी असा, आणि नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. वर्षभराच्याला दर 10 ते 14 दिवसांनी, पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी एक पुरे. लठ्ठ कार्पेट हा पाळणाऱ्याचा दोष असतो. उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, मग पिशवीत घालून नळाच्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. कोरडा पुसून लांब चिमट्याने द्या. ओकला तर दोन आठवडे काही देऊ नका, तापमान तपासा, पुढचा उंदीर निम्म्या आकाराचा.

डोळे दुधाळ निळे झाले की कात येतेय. तेव्हा हाताळू नका, दिवसाआड पाण्याचा फवारा मारा. कात निघाल्यावर डोळ्यांवरचे पापुद्रे आणि शेपटीचं टोक आलंय का ते बघा; टोकाला राहिलेली कात रक्त अडवते. डोळ्यावर राहिली तर नखाने काढू नका, पुढच्या कातीबरोबर बहुधा निघते. तोंड उघडं ठेवून, मान वर करून घुरघुरत श्वास घेत असेल तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा व्हेट गाठा. असा व्हेट कुठे आहे हे साप आणण्याआधीच शोधून ठेवा.

नर वयात आला की जून ते सप्टेंबर खाणं सोडू शकतो. घाबरून दर दोन दिवसांनी उंदीर पुढे करू नका, त्याने तो आणखी बिथरतो. तीन आठवड्यांतून एकदा द्या, नाही घेतला तर फेकून द्या. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, झाकणाच्या डब्यात घालून वजन करा आणि वहीत लिहा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटलं, किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागला, तर वाट बघू नका, व्हेटकडे न्या.